किडनी बदलल्यानंतर क्रिएटिनिन वाढलं: डीएनएची रक्तचाचणी करून बायोप्सी टाळता येईल का?

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "धाकट्या भावाला, वय ३०, दोन वर्षांपूर्वी आईनं किडनी दिली. ऑपरेशन मुंबईला झालं. क्रिएटिनिन कायम १.२ असायचं. गेल्या महिन्यात १.४ आलं, या आठवड्यात १.६. त्याला त्रास काहीच नाही, शेतात जातो-येतो. डॉक्टर बायोप्सी करू म्हणतात. आई घाबरली आहे, दिलेल्या किडनीला सुई टोचू देणार नाही म्हणते. पुण्याचा मावसभाऊ सांगतो की आता डीएनएची रक्तचाचणी निघाली आहे, तिच्यात रिजेक्शन कळतं, बायोप्सी लागत नाही. ती करावी का?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो. रिजेक्शन म्हणजे शरीरानं बसवलेली किडनी परकी समजून तिच्यावर हल्ला करणं, आणि बायोप्सी म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. मावसभाऊ सांगतात ती चाचणी खरी आहे आणि कामाची आहे. पण भावाच्या आजच्या स्थितीत ती बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही. त्याआधी दोन-तीन दिवसांत उरकणाऱ्या काही साध्या तपासण्या आहेत. त्या नीट करा. त्यातून वाढीचं कारण सापडलं नाही तर बायोप्सीला उशीर करू नका. असं का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो, कारण आईंची समजूत तुम्हालाच काढायची आहे.

१.२ चे १.६ झाले म्हणजे वाढ चार दशांशांचीच, असं घरात सगळ्यांना वाटतं. तीस वर्षांच्या पुरुषाच्या हिशेबानं पाहिलं तर किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटरवरून ५९ वर आली, असा याचा अर्थ होतो. जवळपास तीस टक्के काम कमी झालं. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनीत बिघाड सुरू झाल्याबरोबर तो वाढत नाही. बराच भाग बाधित झाल्यावर आकडा हलतो. म्हणून आम्ही नेहमीच्या आकड्यापेक्षा साधारण पाव भागानं वाढ झाली आणि ती टिकून राहिली, की कारण शोधायला लागतो. त्रास होत नाही यात समाधान मानू नका. बसवलेल्या किडनीच्या संवेदना नेणाऱ्या नसा ऑपरेशनमध्ये तुटलेल्या असतात, त्यामुळे आत सूज असली तरी बहुतेकांना दुखत नाही. आजच्या औषधांच्या काळात ताप, दुखणं, लघवी कमी होणं ही जुनी लक्षणं क्वचितच दिसतात.

आता साध्या तपासण्या. पहिली गोष्ट, १.४ आणि १.६ हे दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक १८८६ सालापासून चालत आलेली याफे पद्धत, ती स्वस्त आहे आणि गावोगावी तीच चालते. दुसरी एन्झाइम पद्धत. एकाच माणसाच्या रक्तात दोन्हींचे आकडे दोन-तीन दशांशांनी वेगळे येऊ शकतात. काही अँटिबायोटिकांमुळे किंवा काविळीमुळे याफे पद्धतीचा आकडा हलतो. तेव्हा १.२ ज्या लॅबमध्ये यायचं, तिथेच पुन्हा तपासा.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी किती जातं हे तुम्हाला सांगायला नको. किडनी एकच, त्यात रिजेक्शन टाळण्यासाठी रोज घ्यायचं टॅक्रोलिमस हे किडनीच्या रक्तवाहिन्या आवळणारं औषध, त्यात पाणी कमी पडलं तर क्रिएटिनिन नुसत्या कोरडेपणानंही वाढतं. जुलाब झाले असतील तर आणखी एक गोष्ट होते. जुलाबात टॅक्रोलिमस रक्तात जास्त शोषलं जातं आणि त्याची पातळी चढते. म्हणून दोन दिवस शेतात पाठवू नका, डॉक्टरांना विचारून पुरेसं पाणी द्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा क्रिएटिनिन करा. १.२ वर आलं तर प्रश्न मिटला. त्याच नमुन्यात पोटॅशियमही बघा. टॅक्रोलिमसनं पोटॅशियम वाढतं, आणि यावल-रावेर-चोपडा पट्ट्यात केळी घरचीच असल्यामुळे किती खाल्ली याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टॅक्रोलिमसची पातळी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी मोजायची असते. ठेवायची पातळी या तळाच्या, म्हणजे औषध रक्तात सगळ्यात कमी असतानाच्या आकड्यावरच ठरलेली आहे. पहिल्या वर्षानंतर बऱ्याच ठिकाणी ती ५ ते ८ नॅनोग्रॅमच्या दरम्यान ठेवतात, तुमच्या केंद्राचा आकडा थोडा वेगळा असेल. आता गावाकडं काय होतं बघा. पेशंट सकाळी आठला सवयीनं गोळी घेतो, चहा पितो, एसटी धरून जळगावला येतो. लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात. तेव्हा घेतलेल्या रक्तात औषध शिगेला पोचलेलं असतं. रिपोर्टवर चौदा-पंधरा असा आकडा येतो, गोळी कधी घेतली हे कुणी विचारत नाही, आणि डोस कमी केला जातो. प्रत्यक्षात तळाची पातळी आधीच कमी असते, ती आणखी खाली जाते. पुढच्या महिन्यांत शरीर ती किडनी ओळखायला लागतं. भावाची गेल्या सहा महिन्यांतली टॅक्रोलिमसची प्रत्येक पातळी शोधा आणि त्या दिवशी गोळी आधी घेतली होती की नंतर, हे त्याला विचारा. डोस कधी कमी झाला आणि क्रिएटिनिन कधी वाढायला लागलं, या तारखा एकाखाली एक लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. पुढच्या वेळी गोळी खिशात घेऊन जायचं, रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची.

याच्या जोडीला मेडिकलवाल्यानं कंपनी बदलून दिली का, तेही बघा. टॅक्रोलिमसची कंपनी बदलली तर पातळी पुन्हा तपासावी लागते. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्या पातळी झपाट्यानं खाली आणतात. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम ती वर नेतात. नायट्यावर कुणी बुरशीची गोळी दिली, ती पंधरा दिवसांनी संपली, एवढ्यानंही पातळी आधी वर आणि मग खाली जाते. पपनस खायचं नाही. किडनी साफ करणारा काढा म्हणून कुणी काही दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि गोळ्या चुकल्या का, हे विचारा, पण रागावून विचारू नका. दोन वर्षं झाली, तब्येत ठणठणीत आहे, लग्नसराईत दोन दिवस बाहेर राहिला, डबी घरी राहिली, असं तरुण मुलांच्या बाबतीत सर्रास होतं. उशिरा होणाऱ्या रिजेक्शनमागे चुकलेल्या गोळ्या हे फार मोठं कारण आहे. घरच्यांच्या धाकानं तो नाही म्हणेल, आणि मग आम्ही चुकीच्या दिशेनं शोधत बसू. खरं सांगितलं तर उपचार निम्मे सोपे होतात.

या टप्प्यावर रक्ताच्या आणखी दोन तपासण्या सांगतो, कारण बायोप्सी झाली तरी त्या लागणारच आहेत. एक बीके विषाणूची पीसीआर. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. प्रतिकारशक्ती दाबली की तो नव्या किडनीत जागा होतो, बहुतेक करून पहिल्या दोन वर्षांत. दुसरी दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची, म्हणजे डीएसए. एचएलए ही आपल्या पेशींवरची ओळखखूण असते. भावानं निम्म्या खुणा आईकडून घेतल्या आहेत. आईच्या उरलेल्या निम्म्या त्याच्या शरीराला परक्या आहेत, त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या का हे या चाचणीत दिसतं. नव्यानं तयार होणाऱ्या अँटिबॉडी बहुधा डीक्यू या खुणेविरुद्धच्या असतात. इथे एक अडचण येते. ऑपरेशनच्या वेळचा एचएलएचा रिपोर्ट फाइलमधून काढून बघा. पुष्कळदा त्यात ए, बी आणि डीआर एवढंच असतं, डीक्यू नसतंच. मग रक्तात अँटिबॉडी सापडली तरी ती आईच्या खुणेविरुद्ध आहे का, हे ठरवता येत नाही. आई आहेत, त्यांच्या रक्तातून ते आजही तपासता येतं. लघवीत प्रोटीन किती जातंय तेही याच वेळी बघून घ्या, आणि किडनीची सोनोग्राफी डॉपलरसह करा, म्हणजे लघवीच्या नळीत अडथळा किंवा रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका दूर होईल.

आता मावसभावांची चाचणी.

शरीरातल्या पेशी सतत मरतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. एकेक तुकडा साधारण १६६ अक्षरांचा. अर्धा ते दोन तासांत त्यातले निम्मे नाहीसे होतात, म्हणजे रक्तात दिसतं ते अगदी ताजं चित्र असतं. किडनी बसवलेल्या माणसाच्या रक्तात त्याचे स्वतःचे तुकडे असतात, आणि थोडे दात्याचेही. १९९८ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा दाखवलं. पुरुषाची किडनी किंवा यकृत मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तात त्यांना वाय गुणसूत्र सापडलं. पुढे जनुकीय वाचनाची यंत्रं आली आणि शेकडो ठिकाणची अक्षरं एका वेळी ताडून दात्याचा वाटा किती टक्के हे मोजता येऊ लागलं. दात्याचा नमुना वेगळा द्यावा लागत नाही. किडनी शांत असेल तर हा वाटा फारच थोडा असतो. स्थिर पेशंटमध्ये मधला आकडा ०.२१ टक्के सापडला आहे. रिजेक्शनमध्ये किडनीच्या पेशी जास्त मरतात आणि टक्का चढतो. क्रिएटिनिन हलण्याच्या आधीही तो चढू शकतो. या चाचणीचं खरं मोल तिथेच आहे.

मग तुमच्या भावाला ती का पुरत नाही? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डार्ट नावाच्या अभ्यासात १०२ पेशंटांच्या १०७ बायोप्सी आणि त्याच वेळचे रक्ताचे नमुने एकमेकांशी ताडून पाहिले. सीमा १ टक्क्याची धरली. बहुतेकांची बायोप्सी काहीतरी संशयानंच झाली होती, म्हणजे ते तुमच्या भावासारखेच पेशंट. १ टक्क्याच्या वर आलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना रिजेक्शन निघालं, बाकीच्यांना नाही. १ टक्क्याच्या खाली असलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना रिजेक्शन नव्हतं. उरलेल्या १६ टक्क्यांना होतं. शंभरातल्या सोळांना "सगळं ठीक आहे" असा कागद मिळाला असता आणि आत रिजेक्शन चालू राहिलं असतं. क्रिएटिनिन १.६ वर गेलेलं असताना एवढी जोखीम मी माझ्या पेशंटच्या बाबतीत घेणार नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. रिजेक्शन दोन तऱ्हांचं असतं. एकात अँटिबॉडी किडनीच्या रक्तवाहिन्यांवर हल्ला करतात, दुसऱ्यात टी पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, किडनीच्या बारीक नळ्यांत घुसतात. अँटिबॉडीच्या रिजेक्शनमध्ये डीएनएचा मधला आकडा २.९ टक्के होता, म्हणजे ठळक. टी पेशींच्या जरा तीव्र प्रकारात १.२. पण टी पेशींच्या सौम्य प्रकारात तो ०.२ टक्के होता, आणि रिजेक्शन नसलेल्यांमध्ये ०.३. म्हणजे हा सौम्य प्रकार चाचणीला दिसलाच नाही. आणि याच प्रकारात तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं की किडनी पुष्कळदा पूर्वपदावर येते. उपचारानं सगळ्यात चांगलं सुधारणारं रिजेक्शनच हातून सुटलं तर काय उपयोग?

टक्का जास्त आला तरी काम संपत नाही. बीके विषाणूनं किडनीच्या पेशी मरतात, तेव्हाही दात्याचा डीएनए वाढतो. लघवीचा जंतुसंसर्ग किडनीपर्यंत चढला तरी वाढतो. चाचणी एवढंच सांगते की किडनीला इजा होते आहे. कशामुळे, ते सांगत नाही. आणि उपचार तर नेमके उलटे आहेत. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते. बीके असेल तर औषधं कमी करून ती मोकळी सोडावी लागते. टॅक्रोलिमसची विषबाधा असेल तर डोस उतरवायचा. अंदाजानं स्टेरॉइड दिलं आणि आत बीके निघाला, तर आपणच तो वाढवला असं होईल. मूळ आजार नव्या किडनीत परत आला असेल, तर त्याचा रस्ता आणखी वेगळा. ताई, आईंना हेच समजावून सांगा: डॉक्टर बायोप्सी मागतात ते कोणतं औषध द्यायचं हे ठरवण्यासाठी.

चाचणीचा आकडा कसा चुकतो हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडं तो चुकायला जास्त वाव आहे. हा आकडा टक्केवारीत येतो. दात्याचे तुकडे तेवढेच राहिले आणि पेशंटचे स्वतःचे वाढले तर टक्का खाली येतो. दूध तेवढंच, वर पाणी ओतलं, तसं. ताप, मोठा संसर्ग, नुकताच झालेला भरपूर व्यायाम, लठ्ठपणा, यांत स्वतःचा डीएनए वाढतो. म्हणून युरोपातले काही तज्ज्ञ टक्क्याबरोबर दर मिलिलिटरमध्ये दात्याच्या किती प्रती आहेत हेही मोजतात, आणि ते मला जास्त भरवशाचं वाटतं.

नमुन्याचं तसंच. साध्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त तासन्‌तास तसंच राहिलं तर पेशंटच्या पांढऱ्या पेशी ट्यूबमध्येच फुटतात, त्याचा स्वतःचा डीएनए वाढतो आणि टक्का खोटाच कमी दिसतो. म्हणून पेशी फुटू न देणारं रसायन घातलेली खास ट्यूब लागते. नेहमी वापरात असलेली ट्यूब ६ ते ३७ अंशांत ठेवायची असते. आता जळगावहून मे महिन्यात दुपारच्या गाडीत डिकीत टाकलेल्या पार्सलचं तापमान किती होत असेल, हा विचार कुरिअरवाला करत नाही. उलट कुणी सवयीनं बर्फावर ठेवलं तर तेही चालत नाही. चाचणी करायचीच झाली तर रक्त सकाळी द्या, ट्यूब कुठली आहे ते विचारा, ती हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी केली का बघा आणि पार्सल कुठून, कसं जाणार ते विचारून घ्या. गेल्या काही आठवड्यांत त्याला रक्त चढवलं असेल तर तेही सांगायचं, कारण मग तिसऱ्याच माणसाचा डीएनए त्यात मिसळतो.

फॉर्मवर "दाता: आई" हे लिहायला विसरू नका. भारतात बहुतेक किडन्या घरातल्या माणसांकडून मिळतात, तेव्हा हा मुद्दा आपल्यासाठी नेहमीचाच आहे. प्रयोगशाळा अशा जागा शोधते जिथे पेशंटची दोन्ही अक्षरं सारखी आहेत आणि रक्तात मधूनच वेगळं अक्षर दिसतं. ते वेगळं अक्षर दात्याचं. पण मुलानं प्रत्येक जागी एक अक्षर आईकडूनच घेतलेलं असतं. म्हणजे अशा प्रत्येक जागी आईचं एक अक्षर मुलासारखं आणि एकच वेगळं. आईच्या किडनीतून आलेल्या तुकड्यांपैकी निम्मेच ओळखू येतात, उरलेले मुलाचेच वाटतात. नातं माहीत असेल तर हिशेबात हे धरता येतं. माहीत नसेल तर १.२ टक्के असताना ०.६ च्या आसपासचा आकडा येण्याची भीती आहे. एकसारख्या जुळ्यांमध्ये तर ही चाचणी होऊच शकत नाही, फरकाचं अक्षरच सापडत नाही.

इतकं सगळं सांगितलं म्हणून ही चाचणी टाकाऊ आहे असं समजू नका. २०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या १४ केंद्रांमधल्या २,८८२ पेशंटांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दात्याचा डीएनए आणि रिजेक्शन यांचा संबंध पक्का दिसला, आणि नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीला हा आकडा घेतला की अंदाज सुधारतो हेही दिसलं. माझ्या मते तिची जागा अशी: क्रिएटिनिन स्थिर आहे, पण डीएसए नव्यानं सापडली आहे आणि बायोप्सी करावी की नाही हे ठरत नाही. किंवा पेशंट रक्त पातळ करणाऱ्या औषधावर आहे, ते थांबवणं धोक्याचं आहे. किंवा रिजेक्शनवर उपचार झाले, आता ते शमलं का हे पाहायचं आहे. अशा वेळी एका आकड्यापेक्षा ओळीनं घेतलेले आकडे बोलतात. स्वतःच्याच आधीच्या आकड्यापेक्षा साठेक टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर ती नुसत्या चढउतारानं होत नाही, असं मानलं जातं. भावाची किडनी पुन्हा स्थिरावली आणि परवडत असेल, तर तेव्हा एकदा करून पायाभूत आकडा ठेवायला माझी हरकत नाही. आज मात्र त्या रिपोर्टची वाट बघत बायोप्सी पुढं ढकलू नका. उपचार जेवढ्या लवकर सुरू होतील तेवढी किडनी वाचते.

रक्तातल्या जनुकांच्या हालचालीवरून रिजेक्शन ओळखणाऱ्या चाचण्याही आल्या. १७ जनुकांच्या एका संचाबद्दल २०१४ च्या सुमारास फार आशा होती. पुढच्या मोठ्या पडताळणीत तो टिकला नाही. लघवीतल्या सीएक्ससीएल-९ आणि १० या प्रथिनांवर काम चालू आहे, त्यात दम आहे, पण अजून ते गावापर्यंत आलेलं नाही. अशा एखाद्या चाचणीची जाहिरात मोबाइलवर दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आता आईंची भीती. त्यांना वाटतं पाठीतून मोठी सुई खोल जाणार. तसं नसतं. बसवलेली किडनी ओटीपोटात, जांघेच्या वर, कातडीखाली थोड्याच अंतरावर असते. भाऊ उताणा झोपेल. डॉक्टर सोनोग्राफीत किडनी बघत वरची जागा बधिर करतील, ती सुई तेवढी चुणचुणते. मग स्प्रिंगची सुई जाते, टक्‌ असा आवाज होतो, आणि शेवईपेक्षा बारीक, एक-दीड सेंटिमीटरचा धागा बाहेर येतो. असे दोन धागे घेतात. नंतर जागा दाबून धरतात आणि पेशंटला काही तास हलू देत नाहीत, बऱ्याच ठिकाणी रात्रभर ठेवतात. लघवी प्रत्येक वेळी वेगळ्या पारदर्शक बाटलीत घेऊन ओळीनं ठेवतात. पहिली गुलाबी असली आणि पुढच्या फिकट होत गेल्या की काळजी नाही. उलट होत गेलं, गाठी दिसल्या, किंवा लघवी अडली तर लगेच सिस्टरला सांगायचं. जास्त रक्तस्राव होऊन रक्त चढवावं लागणं किंवा रक्तवाहिनीत बारीक नळी घालून तो थांबवावा लागणं थोड्या जणांच्या बाबतीत होतं. त्यापायी किडनी गमावणं अतिशय दुर्मीळ आहे. बायोप्सीआधी रक्तदाब आटोक्यात हवा, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी हवी. तो अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असेल तर आधी सांगा, कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील.

धागे कुठे जाणार हेही विचारून ठेवा. नेहमीच्या रंगांखेरीज अँटिबॉडीच्या रिजेक्शनसाठीची सी४डी आणि बीकेसाठीची एसव्ही४० ही तपासणी होणार का, आणि स्लाइड किडनी प्रत्यारोपणाच्या बायोप्सी नेहमी बघणारे पॅथॉलॉजिस्ट वाचणार का, हे महत्त्वाचं आहे. रिपोर्ट बॅन्फ वर्गीकरणानुसार लिहिलेला हवा. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ मध्ये तज्ज्ञांनी बसून ती पद्धत घातली आणि तेव्हापासून ती सुधारत आली आहे. जगात कुठेही दाखवलं तरी त्या रिपोर्टचा अर्थ एकच लागतो. मुंबईला वेळेवर नंबर मिळत नसेल तर तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून जवळ जिथे ही सोय आहे तिथे करा. आपल्याकडचे पुष्कळ पेशंट नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा सुरत-अहमदाबादला जातात, त्यात काही बिघडत नाही. कागद मात्र सगळे बरोबर हवेत: ऑपरेशनचा डिस्चार्ज, दोघांचे एचएलए रिपोर्ट, औषधांची आजची यादी आणि क्रिएटिनिन-टॅक्रोलिमसच्या तारखांचा तो तक्ता.

दरम्यान त्याच्या गोळ्यांत स्वतःहून काहीही फेरफार करू नका. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन द्यायचं नाही. ताप आला, लघवी कमी झाली, वजन दोन दिवसांत वाढलं किंवा क्रिएटिनिन २ च्या वर गेलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

आणि ताई, आईंची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली? किडनी देणाऱ्यानं वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन, साखर आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यायचं असतं. भावाच्या धावपळीत ते राहून जातं. त्याला रक्त द्यायला घेऊन जाल तेव्हा आईंनाही बरोबर न्या. डीक्यूसाठी त्यांचं रक्त लागणारच आहे, त्याच वेळी बाकीचंही करून घ्या. गुडघ्यासाठी त्या मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणत असतील तर त्या कुठल्या, तेही बघून कळवा.